अंडं चालत नाही, मग लस चालते का?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



काल रात्री गाण्यांच्या भेंड्या एक वाजेपर्यंत चालल्या. तरीही सकाळच्या सत्राला हॉल एवढा भरलेला आहे, याचं श्रेय मी स्वतःकडे घेत नाही. पोहे याच हॉलच्या मागे ठेवले होते, हे मला माहीत आहे.

संयोजकांनी मला सांगितलं, "तू डॉक्टर आहेस, आरोग्यावर वीस-पंचवीस मिनिटं बोल." आपल्या वयाला आरोग्य म्हणजे शुगर, बीपी आणि गुडघे. या तिन्ही विषयांवर नाश्त्याच्या वेळीच सखोल चर्चा झालेली आहे आणि तिथे माझ्यापेक्षा अनुभवी मंडळी होती. मी लहान मुलांची डॉक्टर. म्हणून मी एकच लहानसा प्रश्न घेतला आहे, आणि तो आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला आहे.

मागच्या पावसाळ्याआधी ग्रुपवर एक संदेश फिरत आला. कुणी पाठवला ते विचारत नाही. 'ज्या मुलांना अंड्याची ॲलर्जी आहे त्यांना फ्लूची लस चुकूनही देऊ नका, जिवावर बेतू शकतं, पुढे पाठवा.' खाली हात जोडलेले आणि दिवा. तासाभरात आपल्यातल्या एका मैत्रिणीचा मला फोन आला. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता पदराआड हसते आहे, म्हणून नाव घेत नाही. तिचा नातू चार वर्षांचा. अकरा महिन्यांचा असताना त्याला ऑम्लेटचा तुकडा भरवला, तर दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून घरात अंडं बंद. दुसऱ्या दिवशी त्याला फ्लूची लस द्यायची होती.

ती म्हणाली, "अगं, खरं आहे का हे?"

मी म्हटलं, "नाही. उद्या जा आणि निर्धास्त लस दे."

पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली, "पण तूच मागे माझ्या भाच्याच्या वेळी सांगितलं होतंस ना, अंड्याची ॲलर्जी आहे तर फ्लूची लस नको म्हणून?"

खरं होतं. मीच सांगितलं होतं. तेव्हा आजचं माझं बोलणं हे लसीबद्दल जेवढं आहे, तेवढंच मी सल्ला का बदलला याबद्दल आहे. आणि तो जितक्या लवकर बदलायला हवा होता तितक्या लवकर का बदलला नाही, याबद्दलही.

आधी फ्लूविषयी थोडं. आपण सर्दी-पडशालाही फ्लू म्हणतो, त्यामुळे हा आजार किरकोळ वाटतो. आपल्या आज्या-पणज्या ज्याला मानमोडीची साथ म्हणत, ती १९१८ची साथ म्हणजे हाच फ्लू. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. आपल्याला आठवेल अशी साथ २००९ची, स्वाइन फ्लूची. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. शाळा बंद झाल्या, औषधाच्या दुकानांतले मास्क संपले, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. मी तेव्हा पुण्यात प्रॅक्टिस करत होते. आई-बाप मुलाच्या कपाळाला हात लावायलासुद्धा घाबरत होते, इतके दिवस आम्ही पाहिले.

फ्लू बहुतेक मुलांना चार-पाच दिवस झोपवतो आणि जातो. पण पाच वर्षांखालच्या मुलांना, त्यातही दोन वर्षांखालच्यांना, आणि दमा असलेल्यांना तो छातीत उतरू शकतो. आता एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या मुलांना लहानपणी अंड्याची किंवा दुधाची ॲलर्जी असते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना इसब असतो आणि पुढे दमाही होतो. या सगळ्या एकाच घरातल्या बहिणी आहेत. म्हणजे फ्लूची लस ज्या मुलांना सर्वांत आधी द्यायला हवी, त्यांच्यातच अंड्याची ॲलर्जी असलेली मुलं जास्त. आणि त्यांनाच आम्ही दारातून परत पाठवत होतो.

आता लसीत अंडं आलं कुठून?

शास्त्राच्या बाई पुढच्या रांगेत आहेत. बाई, तुम्ही आम्हाला आठवीत प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे पडदे लावून, टॉर्चच्या उजेडात अंडं दाखवलं होतं. आत हवेची पोकळी दिसली होती. त्या दिवशी वर्गातली निम्मी मुलं अंड्याला हात लावायला तयार नव्हती आणि उरलेल्या निम्म्यांचं लक्ष प्रयोगानंतर ते कोण खाणार याकडे होतं. फ्लूच्या लसीच्या कारखान्यात अंडी अशीच उजेडासमोर धरून तपासतात. फरक एवढाच की ती अंडी दहा-अकरा दिवस उबवलेली असतात, आत गर्भ वाढत असतो. कवचाला बारीक छिद्र पाडून फ्लूचा विषाणू गर्भाजवळच्या पिशवीतल्या द्रवात सोडतात. दोन-तीन दिवस तो तिथे वाढतो. मग अंडी थंड करून तो द्रव काढून घेतात, विषाणू रसायनाने निकामी करतात, तुकडे करतात आणि बाकीच्या गोष्टींपासून वेगळा करत शुद्ध करत जातात. विषाणू वाढतो तो द्रव म्हणजे अंड्याचा पांढरा भाग नव्हे. पण काढताना, गाळताना पांढऱ्यातली प्रथिनं थोडी सोबत येतात.

ही पद्धत जुनी आहे. माणसातला फ्लूचा विषाणू लंडनमध्ये १९३३ साली पहिल्यांदा वेगळा केला गेला. पुढच्या काही वर्षांत ऑस्ट्रेलियातल्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी तो कोंबडीच्या अंड्यात वाढवण्याची रीत बसवली, आणि १९४५मध्ये अमेरिकेत सामान्य नागरिकांसाठी लस आली. आजही जगातली बहुतेक फ्लूची लस अंड्यातच तयार होते. स्वाइन फ्लूनंतर २०१० साली आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात मारायची लस काढली, तीही अंड्यातलीच.

सुरुवातीच्या काळात लशी इतक्या शुद्ध नव्हत्या, त्यांत अंड्याचा अंश बराच असायचा. तेव्हा अंड्याची ॲलर्जी असलेल्याला लस देऊ नका हा सल्ला समजण्यासारखा होता. पुढे लस शुद्ध होत गेली, पण सल्ला तसाच छापला जात राहिला. पाकिटातल्या त्या घडी घातलेल्या कागदावर, जो आपण कधी वाचत नाही, तिथे अजूनही अंड्याचा उल्लेख सापडतो. केमिस्ट तो दाखवतो, कधी डॉक्टरही दाखवतात. मीही दाखवत होते.

आता मी ज्या मुलाबद्दल सांगणार आहे, त्याच्या आईची परवानगी घेऊन सांगते आहे.

२०१२ सालची गोष्ट. पुण्यात पुन्हा स्वाइन फ्लूचे रुग्ण वाढायला लागले होते. सहा वर्षांचा मुलगा, दम्यासाठी माझ्याकडे नेहमी यायचा. पंप चालू होता. आई स्वतःहून म्हणाली, "डॉक्टर, याला फ्लूची लस देऊन टाकू या का?" मी फाईल उघडली. पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लाल शाईने लिहिलं होतं : अंड्याची ॲलर्जी. मी म्हटलं, "नको. याला ती चालणार नाही." दोन वाक्यांत विषय संपला. तिने मान डोलावली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

सात-आठ आठवड्यांनी तो फ्लूने आजारी पडला. तिसऱ्या दिवशी धाप, चौथ्या दिवशी न्यूमोनिया, मग आयसीयू. अकरा दिवस. त्यातले चार दिवस श्वासाच्या मशीनवर. मी रोज रात्री दवाखाना बंद करून त्याला पाहायला जायचे, आणि रोज ती बाई मला म्हणायची, "तुम्ही कशाला त्रास घेता, डॉक्टर?"

मुलगा बरा झाला. आज कॉलेजात आहे, माझ्यापेक्षा हातभर उंच आहे.

लस दिली असती तर तो आजारी पडलाच नसता, असं मी म्हणू शकत नाही. फ्लूची लस काही चिलखत नाही. ज्या वर्षी लसीतले विषाणू आणि गावात फिरणारे विषाणू नीट जुळतात, त्या वर्षीसुद्धा ती आजार साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. पण मला टोचत होतं ते वेगळंच. तो घरी गेल्यावर मी एका रविवारी बसून वाचायला घेतलं. तेव्हा कळलं की अमेरिकेतल्या लसीकरण सल्लागार समितीने २०११ मध्येच, म्हणजे मी त्या आईला नको म्हणण्याच्या वर्षभर आधी, सल्ला बदलला होता. अंड्याने फक्त अंगावर गांधी उठत असतील तर लस द्या आणि अर्धा तास बसवून ठेवा, असा. या मुलाला अंड्याने फक्त गांधीच उठायच्या. तो त्या सल्ल्यात सरळ बसत होता. मी वाचलं नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

पुढच्या वर्षी मी त्या आईला हे सगळं सांगितलं. रागावेल, दुसरा डॉक्टर करेल, याची तयारी ठेवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आज देताय ना?" त्या दिवशी मी जे काही केलं ते सांगितलं तर तुम्ही हसाल. आधी कातडीवर लसीचा थेंब लावून टेस्ट केली. मग लसीचा दहावा हिस्सा दिला. अर्धा तास थांबले. मग उरलेली दिली. शेजारी ॲड्रेनलिन भरून ठेवलेलं, सलाईन टांगलेलं, ऑक्सिजन लावून तयार. मुलगा मजेत मोबाईलवर गेम खेळत होता आणि माझ्या नर्सला व मला घाम फुटला होता. काहीही झालं नाही. यातलं एकही सोपस्कार आज कुणी करायला सांगत नाही.

का नाही, ते आता सांगते. आणि इथे थोडं गणित आहे, गणिताच्या सरांची क्षमा मागून.

एका अंड्याच्या पांढऱ्या भागात ओव्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन साधारण दोन ग्रॅम असतं. ॲलर्जीतलं हे एक मुख्य प्रथिन. दोन ग्रॅम म्हणजे वीस लाख मायक्रोग्रॅम. फ्लूच्या लसीच्या एका डोसात ते साधारणपणे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतं. म्हणजे एका अंड्याचे वीस लाख भाग केले तर त्यातला एक, किंवा त्याहून कमी. अगदी नाजूक मुलालाही अंडं खाऊन त्रास व्हायला याच्या शेकडो पट अंश पोटात जावा लागतो.

यावर तुमच्यातला हुशार कुणीतरी म्हणेल, आणि तुकडी 'अ'मध्ये असे बरेच होते, की खाणं वेगळं आणि सुईने अंगात टोचणं वेगळं. बरोबर आहे. म्हणूनच नुसत्या गणितावर कुणी विसंबलं नाही. प्रत्यक्ष ॲलर्जी असलेल्या माणसांना लस देऊन, समोर बसवून पाहिलं. कॅनडातल्या डॉक्टरांनी २०१२ साली स्वतःचे आणि आधीच्या अभ्यासांतले मिळून ४,१७२ रुग्णांचे अनुभव एकत्र केले. त्यातल्या ५१३ जणांना आधी अंड्याने गंभीर त्रास झालेला होता. इंजेक्शनच्या लसीने एकालाही जिवावर बेतणारी ॲलर्जी, ज्याला आम्ही ॲनाफिलॅक्सिस म्हणतो, ती झाली नाही. पुढे ब्रिटनमध्ये तीस रुग्णालयांत ७७९ मुलांना नाकातली लस दिली, सगळी अंड्याची ॲलर्जी असलेली, त्यातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलांना पूर्वी अंड्याने ॲनाफिलॅक्सिस झालेला. २०१५मध्ये निष्कर्ष आला. नऊ मुलांना नाक वाहणं, थोडी खाज असा किरकोळ त्रास झाला. अंगभर पसरणारी गंभीर प्रतिक्रिया एकालाही नाही.

मग सल्ले एकेक पायरी सैल होत गेले. २०१६मध्ये अर्धा तास बसवण्याची अट गेली. अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांनी तर असं म्हटलं की फ्लूची लस देण्याआधी अंड्याबद्दल विचारायचीसुद्धा गरज नाही, विचारून उगाच भीती तयार होते. आणि २०२३च्या हंगामापासून तिथला सरकारी सल्ला असा आहे की अंड्याची ॲलर्जी किती का गंभीर असेना, इतर कुणालाही लस देताना जी काळजी घेता तेवढीच घ्या, जास्तीचं काही नको.

गंभीर ॲलर्जी कुठल्याही लसीने होऊ शकते. नाही असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत अडीच कोटींहून जास्त डोसांचा हिशेब मांडला तेव्हा दहा लाख डोसांमागे एक-दीड जणाला ती झाली, आणि ती कुणाला होईल हे आधी अंडं खाल्लं होतं की नाही यावरून सांगता येत नाही.

आता घरोघरी काय होतं ते बोलू. 'याला अंडं चालत नाही' या वाक्याचे मराठीत निदान चार अर्थ आहेत, आणि ते मला रोज सोडवावे लागतात. एक म्हणजे, आमच्या घरात अंडं खात नाहीत. दुसरा, उन्हाळ्यात दिलं की उष्ण पडतं, तोंड येतं. तिसरा, एकदा लग्नात खाल्लं आणि पोट बिघडलं. त्या लग्नात पोट बिघडलेल्यांत अंडं न खाणारेही होते, पण नाव अंड्याचं झालं. आणि चौथा अर्थ म्हणजे खरी ॲलर्जी. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत, अंगावर पित्त उठणं, ओठ-डोळे सुजणं, उलट्या, आवाज बसणं, खोकला, धाप, मूल मलूल होणं. आणि दर वेळी तेच होणं. हा चौथा अर्थ असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, घरात काळजी घ्या, केक-बिस्किटांच्या पाकिटावरचं वाचा. बहुतेक मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात. पण फ्लूच्या लसीसाठी चारही अर्थांचं उत्तर एकच आहे. द्या.

काही घरांत हल्ली रक्ताच्या मोठमोठ्या ॲलर्जी टेस्ट करून आणतात. शंभर पदार्थांची यादी, त्यातले तीस लाल रंगात. मुलगा आदल्या रात्री अंडाकरी खाऊन आलेला असतो आणि रिपोर्ट म्हणतो अंड्याची ॲलर्जी. अशा कागदावरून मुलाचं जेवण बंद करू नका. रक्तात खूण दिसणं आणि खाल्ल्यावर त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा प्रश्न शाकाहारी घरांचा, आणि तो मला आपल्यातल्याच दोघांनी विचारला आहे. मूल कधी अंडं खाल्लेलंच नाही, मग ॲलर्जी आहे की नाही कसं कळणार? आधी थोडं भरवून पाहायचं का? नाही. त्याची काहीएक गरज नाही. हे आता वेगळं सांगायला नको. आणि अंड्यात वाढवलेली लस घ्यावी की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. मी फक्त आकडा सांगते, वीस लाखातला एक, आणि ठरवायचं त्या घरावर सोडते. माझ्या अनुभवात बहुतेकांनी लस दिली. एका आजीबाईंनी मला विचारलं होतं, "औषध म्हणून चालतं ना?" मी म्हटलं, "आजी, हे औषधच आहे."

दूध, शेंगदाणे, गहू, मासे, कोळंबी यांची ॲलर्जी असेल तर फ्लूच्या लसीचा प्रश्नच येत नाही. कोकणातल्या आपल्या मित्राने कोळंबीबद्दल विचारलं होतं, म्हणून मुद्दाम सांगते. जिलेटीन मात्र काही लशींत असतं. जेलीच्या गोळ्या खाऊन कुणाला गंभीर त्रास झाला असेल, तर तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि अंड्याच्या नावाखाली सगळ्या लशी एका माळेत ओवू नका. गोवर-रुबेलाच्या लसीपासून अंड्याच्या भीतीने मूल अजिबात लांब ठेवू नका. कुत्रा चावल्यावरच्या लसीबाबत तर असा विचार करायलाही वेळ नसतो, ती घ्यायचीच. पीतज्वराची लस मात्र वेगळी. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत जाणाऱ्यांना ती लागते, तिच्यात अंड्याचा अंश जास्त असतो, आणि तिथे अंड्याची खरी ॲलर्जी असेल तर तज्ज्ञाला विचारूनच घ्यावी. आपल्यातल्या दोघांची मुलं नायजेरियात आहेत, म्हणून सांगितलं.

मग फ्लूची लस कुणाला द्यायची नाही? ज्याला आधी फ्लूच्याच लसीने गंभीर ॲलर्जी झाली, त्याला तज्ज्ञाकडे पाठवल्याशिवाय नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नाही. तिथे आईने गरोदरपणात लस घेतली तर बाळाला आईकडून संरक्षण मिळतं. मूल तापाने फणफणलेलं असेल तर चार दिवस थांबायचं. साधं नाक वाहतंय म्हणून थांबायचं नाही, नाहीतर आपल्याकडे नर्सरीतल्या मुलाला वर्षभर लस देताच येणार नाही.

दवाखान्यात लस घेतल्यावर पंधरा मिनिटं बसा. सगळ्यांनीच बसायचं, अंडं खाणाऱ्यांनीही. मोठी मुलं सुईच्या धास्तीनेच चक्कर येऊन पडतात. आपल्या वेळी शाळेत टोचायला माणसं आली की रांगेतून कोण कोण पडायचं ते मला आठवतंय, पण त्यातले काही आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत. या पंधरा मिनिटांत ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, धाप लागली, मूल गळून गेलं, तर पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लगेच. ॲव्हिलचं इंजेक्शन देऊन वाट पाहत बसायचं नाही. ॲव्हिल खाज घालवतं, श्वास वाचवत नाही. ॲड्रेनलिनची कुपी स्वस्त असते, आणि लस देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ती असायलाच हवी. "तुमच्याकडे ॲड्रेनलिन आहे का?" हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. मला विचारा, मी फ्रीजशेजारचा ट्रे उघडून दाखवीन. घरी गेल्यावर असं काही झालं तर १०८ला फोन करायचा, आणि मुलाला आडवं ठेवून पाय उंच करायचे. श्वासाला त्रास होत असेल तर बसू द्यायचं.

बाकी दंड दुखणं, एखाद-दोन दिवस कणकण, हे चालायचंच. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तेव्हा लसीनेच फ्लू झाला असं होत नाही.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो, पुन्हा थंडीच्या शेवटी डोकं वर काढतो. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्याच्या आसपास घेतलेली बरी. परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात. नऊ वर्षांखालच्या मुलाची पहिलीच वेळ असेल तर महिन्याच्या अंतराने दोन डोस, नंतर दर वर्षी एक. दर वर्षी का, तर विषाणू दर वर्षी अंगरखा बदलतो आणि लसही त्याप्रमाणे बदलावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांसाठी आहे. त्यापुढे दमा, हृदयविकार, मधुमेह अशा मुलांना जरूर द्यावी. सरकारी लसीकरणात ती नाही, आणि स्वस्तही नाही, हे खरं आहे. ज्या घरात पैशांची ओढ आहे आणि मूल दम्याचं आहे, तिथे मी आधी याच लसीचा हिशेब बसवते.

तिसऱ्या रांगेतल्या आमच्या मैत्रिणीच्या नातवाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला लस दिली. ही दवाखान्याबाहेर घड्याळ हातात धरून बसली होती आणि दर दोन मिनिटांनी मला मेसेज पाठवत होती. 'ओठ ठीक.' 'अंग ठीक.' 'खोकला आला.' 'नाही, पाणी पिताना ठसका लागला.' सोळाव्या मिनिटाला शेवटचा मेसेज आला. 'आइस्क्रीम मागतोय. देऊ का?'

मी लिहिलं, अंडं नसलेलं बघून दे.

प्रश्न असतील तर विचारा. पोहे संपले असले तरी चहा अजून आहे.